ढमढेरे डॉक्टरांची दाढ

डॉ. जयसिंग ढमढेरे यांनी उभ्या आयुष्यात दातांवर उपचार केले, असं म्हणणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांनी दात काढले. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या दवाखान्यात माणूस गाल धरून आत जायचा आणि गाल धरूनच बाहेर यायचा, फक्त मधल्या वेळात त्याच्या तोंडातला एक रहिवासी कमी झालेला असायचा. दात किडलाय? काढू. हलतोय? काढू. नुसताच गार पाण्याने ठणकतोय? मग थोडे दिवस थांबा, नीट किडू द्या, मग काढू. हे ते चेष्टेत म्हणतात असं लोक समजायचे. मी शेजारी ट्रे धरून उभी असायचे, त्यामुळे मला तसं कधी वाटलं नाही.

मी कांताबाई, त्यांच्या दवाखान्यातली मदतनीस. कात्रजहून बसने येते, हत्यारं उकळते, पेशंटचं डोकं धरते आणि त्याला खोटा धीर देते. इथे कामाला लागले तेव्हा माझ्या तोंडात सगळे दात होते. आता नाहीत, आणि ते कुठे गेले हे सांगायची गरज नाही.

डॉक्टरांच्या हाताला यश होतं, हे मात्र खरं. पकड अशी फिरवायचे की माणूस ‘आई गं’ म्हणायला तोंड वासायचा आणि तेवढ्यात दात बाहेर. तोंड वासलंच आहे तर पलीकडचाही बघून घ्यायचे. रात्रभर तळमळलेली माणसं त्यांच्या खुर्चीतून उठून त्यांच्या पाया पडलेली मी पाहिली आहेत. जिभेला मात्र यश नव्हतं. इंजेक्शन दुखेल का, असं कोणी विचारलं की म्हणायचे, मला नाही दुखणार. दात वाचणारच नाही का, असं विचारलं तर वाचवून त्याचं लोणचं घालणार आहात का, असा उलटा प्रश्न. पुण्यात याला स्पष्टवक्तेपणा म्हणतात आणि अशा माणसाकडे गर्दी होते.

अशा माणसाच्या पोटी पूर्वाताई जन्मल्या. एकुलती एक मुलगी दातांची डॉक्टर झाली, तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. पण ती पुढे शिकायला गेली आणि नेमका तोच विषय घेऊन आली, ज्यात दात काढायचा नसतो. रूट कॅनॉल. दाताच्या आतली सडलेली नस काढायची, मुळांच्या नळ्या साफ करायच्या, जंतू मारायचे, नळ्या बंद करायच्या आणि दात जागच्या जागी ठेवायचा. खाटकाच्या घरात माळकरी निघावा, तसं झालं. डॉक्टरांनी दवाखान्यातली आतली खोली तिला दिली आणि बाहेरच्या खोलीत आपली खुर्ची तशीच ठेवली.

पूर्वाताईंची कामाची पद्धत अशी. आधी भूल. मग पेशंटच्या तोंडावर रबराचा पातळ पडदा ताणून बसवायचा. त्याला एक भोक, त्या भोकातून फक्त तो एक दात वर आलेला. थुंकीतले जंतू दातात जाऊ नयेत आणि दातातलं औषध घशात जाऊ नये, यासाठी ही सोय. याला रबर डॅम म्हणतात. एकदा तो लागला की माणसाला बोलता येत नाही. सदाशिव पेठेतल्या माणसाला तासभर बोलायचं नाही ही अट घालणं म्हणजे काय, याची कल्पना ताईंना शिकवणाऱ्या लोकांना नसावी. एक निवृत्त प्राध्यापक तर निव्वळ त्या पडद्याला घाबरून घरी निघून गेले. दुखणं सोसेन म्हणाले, पण हे नाही.

पडदा लागला की ताई केसासारख्या बारीक सुयांनी नळ्या खरवडायच्या आणि मग धुवायला बसायच्या. क्लोरीनचं औषध पिचकारीत घ्यायचं, हलक्या हाताने सोडायचं, ओढून घ्यायचं, पुन्हा सोडायचं. मग नळीच्या भिंतीवरचा भुसा निघावा म्हणून दुसरं औषध. मग एक बारीक थरथरणारी काडी आत घालून ते पाणी घुसळायचं. खोलीत पोहण्याच्या तलावासारखा वास. पेशंटला कंटाळा यायचा, मला कंटाळा यायचा, ताईंना यायचा नाही. मी एकदा म्हटलं, ताई, सुईने खरवडलं की झालं ना, आता किती धुणार? तर म्हणाल्या, मावशी, सुई सरळ जाते, मूळ सरळ नसतं. त्याला फाटे असतात, कोनाडे असतात. तिथे सुई पोचत नाही, पाणी पोचतं. जंतू तिथेच दडून बसतात.

मोठ्या डॉक्टरांनी या सगळ्याचं बारसं करून टाकलं होतं. बाहेर पेशंट ताटकळले की ते आपल्या खुर्चीवरून सांगायचे, आत आमच्या कन्येची धुणीभांडी चालली आहेत, वेळ लागेल, घाई असेल तर इकडे या, मी मोकळं करतो. लोक हसायचे. हसणाऱ्यांतले निम्मे उठून त्यांच्याकडे जायचे आणि मोकळे होऊन घरी जायचे. मधलं दार काही लोखंडाचं नव्हतं, आत सगळं ऐकू यायचं. सुरुवातीला ताईही हसायच्या. मग नुसत्या मान खाली घालून काम करायला लागल्या. त्यांच्या आई होत्या तोवर घरात कोणीतरी डॉक्टरांना गप्प बस म्हणणारं होतं. त्या गेल्यावर ती जागा रिकामीच राहिली आणि दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बापलेक दोघंच उरले.

मग नाशिकच्या एका डेंटल कॉलेजातून ताईंना शिकवायला बोलावणं आलं. त्यांनी मला आधी सांगितलं, बापाला नंतर, यावरून काय ते समजा. मी विचारलं, जाणार? त्या म्हणाल्या, मावशी, तिथे मला कोणी धुणीभांडी म्हणणार नाही. त्यांचा आवाज असा काही होता की मला रागच आला, त्यांचा नाही, बाहेरच्या खुर्चीचा. रात्री जेवताना त्यांनी वडिलांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, नाशिकला द्राक्षं चांगली मिळतात. एवढंच. पोटची मुलगी घर सोडून निघाली तर माणसाने निदान द्राक्षांपलीकडे तरी जावं. पण ढमढेरे घराण्यात ‘जाऊ नकोस’ हा शब्द कोणाला उच्चारता येत नसावा.

आणि नेमकी तेव्हाच डॉक्टरांची दाढ दुखायला लागली.

आता तत्त्व काय सांगतं? काढू. जन्मभर दुसऱ्यांच्या दाढांना लावलेला नियम आपल्याही दाढेला लावायचा आणि मोकळं व्हायचं. पण दाढ स्वतःची निघाल्याबरोबर तत्त्वाला एकदम पाझर फुटला. आरशासमोर उभे राहून, गाल ओढून, ते मलाच समजावायला लागले की दाढ तशी चांगली आहे, मुळं भक्कम आहेत, थोडी कीड आहे, एवढ्यावरून कोणी काढत नाही. मी म्हटलं, मग आत ताई रिकाम्या आहेत. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ट्रे उचलून न्हाणीघरात गेले.

दोन खोल्यांच्या दवाखान्यात पोटची मुलगी रूट कॅनॉलची डॉक्टर. दारातून आत चार पावलं टाकायची. ती टाकायच्या ऐवजी या गृहस्थांनी काय केलं असेल? बस पकडली आणि हडपसर गाठलं. पेठेत कोणत्याही दातांच्या डॉक्टरकडे गेले असते तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. हडपसरला त्यांना कोणी ओळखत नव्हतं. तिथल्या एका चकचकीत दवाखान्यात त्यांनी आपलं नाव महिपती बाबर सांगितलं आणि आपण बँकेतून निवृत्त झालो असं ठोकून दिलं. कॉफी मिळाली म्हणे. जन्मभर ज्याने दुसऱ्याचा जबडा धरला, त्याला एक पोरगेला डॉक्टर अंकल म्हणाला आणि त्याने ते ऐकून घेतलं. अभिमान टिकवायला माणूस काय काय सोसतो.

हे मला कसं कळलं? खोटं बोलायलाही सवय लागते. नाव खोटं सांगितलं, धंदा खोटा सांगितला आणि फोन नंबर विचारल्यावर तोंडातून दवाखान्याचाच नंबर बाहेर पडला. वर्षानुवर्षं तोच सांगत आलेले. तीन-चार दिवसांनी फोन वाजला. सलोनी नावाची मुलगी बोलत होती. महिपती सर आहेत का, त्यांची रूट कॅनॉल वन सिटिंगमध्ये झाली होती, तर त्यांचा एक्स्पीरियन्स कसा होता, पाचपैकी किती स्टार देतील? मी म्हटलं, इथे कोणी महिपती नाहीत. तिने वर्णन सांगितलं. मी बाहेरच्या खुर्चीकडे पाहिलं. महिपती सर गालाला रुमाल लावून बसले होते आणि ऐन उन्हाळ्यात आपल्याला सर्दी झाल्याचं एका पेशंटला सांगत होते. रुमालाखाली गाल भाकरीसारखा फुगला होता.

मी फोन ठेवला आणि सरळ आत जाऊन ताईंना सांगितलं. चहाडी म्हणा हवं तर. त्या गालात पू होता आणि मला माझी नोकरी प्रिय असली तरी मालक जिवंत असलेला बरा.

ताई बाहेर आल्या. त्यांनी वडिलांना आत नेलं, एक्स-रे काढला आणि संगणकाच्या पडद्यावर लावला. दाढेच्या मुळांत भरलेल्या नळ्यांच्या पांढऱ्या रेघा दिसत होत्या. ताईंनी विचारलं, “हे कोणी केलं?”

डॉक्टर म्हणाले, “तू नाही.”

ताईंनी तो एक्स-रे मोठा करून पाहिला. मग डॉक्टरकीचा आवाज लावला. एका बैठकीत केलं म्हणून बिघडलं असं नाही, म्हणाल्या, नीट धुतलं तर एका बैठकीतही होतं. रबर लावलं होतं का? नव्हतं. पिचकारीने किती वेळ धुतलं? डॉक्टर कॉफीचा विषय काढायला बघत होते. वरच्या दाढेला बऱ्याचदा चौथी नळी असते, ती कोणी शोधली होती का? ती कोणी शोधली नव्हती. म्हणजे थुंकीसकट दार बंद केलं होतं आणि आत राहिलेले जंतू आता संसार थाटून बसले होते. दाढ काढावी लागेल का, असं डॉक्टरांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीच्या दुसऱ्या बाजूने विचारला, आणि आवाज इतका बारीक निघाला की क्षणभर मला त्यांची दया आली. ताई म्हणाल्या, प्रयत्न करते, नक्की सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी ताईंनी तो हडपसरचा ऐवज उकरून काढला. रबराचा पडदा लागल्यावर डॉक्टर गप्प झाले. त्यांना इतका वेळ गप्प मी फक्त त्यांच्या बायकोच्या तेराव्याला पाहिलं होतं. चौथी नळी सापडली तेव्हा घाण वास आला, मलाही आला. ताई धूत राहिल्या. पुन्हा पुन्हा, घाई न करता, वडिलांच्या कपाळाला चुकूनही हात न लावता. मग आत औषध भरून तात्पुरतं सिमेंट लावलं आणि दोन आठवड्यांनी या म्हणाल्या, अगदी परक्या पेशंटला सांगतात तसं.

सूज उतरली, ठणका गेला. डॉक्टर मऊ भात सोडून भाकरीवर आले. धुणीभांडी हा शब्द बंद झाला. पण त्याच्या जागी दुसरा कुठलाही शब्द आला नाही. ताईंना वाटलं असेल, आज बोलतील, उद्या बोलतील. ते वर्तमानपत्र वाचत राहिले. नाशिकला होकार की नकार ते कळवायचा शेवटचा दिवस आणि दाढेची दुसरी बैठक एकाच दिवशी आली. ताई सकाळी मला म्हणाल्या, संध्याकाळी त्यांना फोन करते, मावशी, येते म्हणून सांगते. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? मी काही त्यांची आई नाही. पण दिवसभर माझ्या हातून हत्यारं पडत होती.

दुपारी डॉक्टर आले आणि बाहेर पेशंटच्या बाकावर आपल्या नंबराची वाट बघत बसले. स्वतःच्या दवाखान्यात, स्वतःच्या खुर्चीकडे पाठ करून. आत ताई कोणाची तरी दाढ धूत होत्या, मशिनचा आवाज चालू होता. बाकावर एक जुने पेशंट होते, त्यांना चेव आला. म्हणाले, डॉक्टर, तुमच्याकडे बरं होतं हो, एका झटक्यात काम. या मॅडम फार वेळ काढतात, काय एवढं धूत बसतात कळत नाही. मी कान टवकारले. अशा वेळी डॉक्टर काय बोलतात ते मला पाठ होतं.

डॉक्टर म्हणाले, “मी एवढी वर्षं दात काढले, कारण मला ठेवता येत नव्हते. तिला येतात. आता गप्प बसा आणि तुमचा नंबर येईल तेव्हा आत जा.”

मी हातातला ट्रे खाली ठेवला. मी डॉक्टरांजवळ गेले आणि हळूच म्हटलं, हे आत जाऊन ताईंना सांगा. ते म्हणाले, मी तिचा बाप आहे, पेशंट नाही. पेशंटच्या बाकावर बसून हे म्हणाले. मी म्हटलं, अहो, त्या आज नाशिकला होकार देणार आहेत. त्यांनी ऐकलं. चेहरा पडला, चांगलाच पडला. आणि मग म्हणाले, तिचं ठरलं असेल तर मी मध्ये पडणारा कोण? अशा माणसाचं काय करायचं? दात असता तर उपटून तरी टाकला असता.

नंबर आला. ताईंनी भूल दिली, रबर लावलं आणि नेहमीसारखं सांगितलं की दुखलं तर डावा हात वर करा. काम सुरू झालं. औषध निघालं, नळ्या स्वच्छ दिसत होत्या, वास नव्हता. दाढ वाचत होती. ताई शेवटचं धुवायला लागल्या. मी दिवा धरला होता आणि समोर जयसिंग ढमढेरे पहिल्यांदाच अशा अवस्थेत होते की त्यांना माझं बोलणं खोडून काढता येणार नव्हतं. अशी संधी पुन्हा येत नाही. मी तोंड उघडलं आणि बाहेरच्या बाकावर ते काय म्हणाले, ते शब्दाला शब्द सांगून टाकलं.

डॉक्टरांचा हात झटकन वर गेला. ताईंनी पिचकारी बाजूला घेतली.

“दुखतंय?”

डॉक्टरांनी मान हलवली. नाही.

“मावशी खोटं सांगतायत?”

डॉक्टर हलले नाहीत. हात सावकाश खाली आला. रबराच्या वर त्यांचे दोन डोळे तेवढे दिसत होते आणि ते भरून आले होते. ताईंचेही भरले, पण हातमोजे घातलेल्या माणसाला स्वतःचे डोळे पुसता येत नाहीत. मी कापसाने आधी ताईंचे पुसले, मग डॉक्टरांचे. मला स्वतःचे पुसायला कोणी नव्हतं, ते राहू द्या.

ताईंनी पुन्हा पिचकारी भरली. मग दाढेकडे बघतच म्हणाल्या, “संध्याकाळी नाशिकला फोन करायचा आहे. मी जाऊ नये असं वाटत असेल तर हात वर करा.”

हात वर गेला. सरळ, पूर्ण, शाळेत उत्तर येणाऱ्या मुलाचा जातो तसा.

ताईंनी चौथ्या नळीत पाणी सोडलं, ओढून घेतलं, पुन्हा सोडलं. डॉक्टरांचा हात मात्र तसाच वर होता. म्हाताऱ्या माणसाचा हात तो, कापायला लागला तरी खाली येईना.

“बाबा, हात खाली घ्या,” ताई म्हणाल्या. “उजेड अडतोय.”

त्यांनी घेतला नाही. शेवटी मीच दिवा सरकवला.